तीन फेरे

भोसरीच्या वर्कशॉपात बाबा येईल त्याला ऐकवायचे:
हवा दबते, तेल दबत नाही.
तेलाला फट मिळाली की ते निघून जातं,
सांगून जात नाही.
मी आठ वर्षांची, खोक्यावर बसलेली.
खोक्यात रबराच्या रिंगा, मापामापाच्या.
मनगटात घातल्या की ओरडायचे,
बांगड्या नाहीत त्या, चरा पडेल.

नागपूर सोडून पाऊण तास झाला होता.
घंटी एकदाच वाजली.
पडद्यावर हिरव्या यंत्रणेची पातळी
रेघेवर होती, मग रेघेखाली,
मग नुसती रेघ.

विमानात यंत्रणा तीन: हिरवी, पिवळी, निळी.
नावं कागदावरची. तिन्हींत तेल जांभळंच,
कातडीला लागलं तर दिवसभर झोंबणारं.

कॅप्टन नौझर मिस्त्री, निवृत्तीला चौदा महिने,
म्हणाले, पांचाळ, तुला कुठे जायची घाई आहे?
नाही, सर.
मग सावकाश वाच.

मी वाचलं. पंप बंद.
त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं, बोट कुठल्या बटणावर आहे ते.
बरोबर, म्हणाले. मग दाबलं.
दर ओळीला हेच. बोट, नजर, बरोबर.
घाबरायला ओळींच्या मधे जागा होती,
पण तिथे पुढची ओळ यायची.

थेऊरवरून यवत, यवतवरून थेऊर.
खाली गुऱ्हाळांचा धूर आडवा पडलेला,
मुळा-मुठेची एक वाकडी चकाकी, आली आणि गेली.
मागे एकशे बासष्ट माणसं.
त्यांतले एक गृहस्थ हवाईसुंदरीला म्हणाले,
पुणं दिसतंय तर उतरत का नाही,
आम्हाला काय दर्शनाला आणलंय?

माझ्या सीटच्या मागे, जमिनीलगत,
एक दुमडलेलं हँडल असतं.
सिम्युलेटरमध्ये शंभरदा फिरवलेलं.
उजवीकडे तीन फेरे.

मला वाटायचं, खऱ्या दिवशी जोर लागेल.
जोर कशाला लागणार,
आपण फक्त कुलूप काढतो.
चाकं स्वतःच्या वजनाने पडतात.
एक धप्प. दुसरं धप्प.
तिसऱ्याने वाट पाहायला लावली,
तेवढ्यात मला रिंगांचं खोकं आठवलं, का कोण जाणे,
त्याच्यावरचं साबणाचं चित्र.
धप्प.
तीन हिरवे त्रिकोण.

पश्चिमेकडून उतरलो.
भोसरी डावीकडे, म्हणजे सरांच्या खिडकीत.
माझ्या खिडकीत खडकी, नदी, येरवडा.
पण मी काही पाहिलं नाही.
मी वेग वाचत होते, ते चालवत होते,
आणि ब्रेक पिवळ्याच्या भरवशावर.

धावपट्टीवर सरळ उभे राहिलो. पुढचं चाक वळणार नव्हतं.
ट्रॅक्टर येईपर्यंत तिथेच.
लोहगावला धावपट्टी एकच,
आमच्यापायी वर आणखी तिघं घिरट्या घालू लागली.
सरांनी तळहात पँटला पुसले.
घरी कोण काय करतं गं?
बाबा मिस्त्री आहेत, हायड्रॉलिक जॅकचे.
हसले. म्हणजे खरे. मी फक्त आडनावाचा.

रात्री इंजिनिअरने टॉर्च मारून दाखवलं:
चाकाच्या खोबणीत जांभळा ओघळ,
आणि पिशवीत सीलबंद एक रिंग,
नखभर चिरलेली.
मनगटात काय, करंगळीतच बसली असती.

बाबा जेवायचे थांबले होते.
घाबरलीस का, असं विचारलं नाही.
रंग कोणता?
जांभळा.
नाक मुरडलं. आमचं आपलं चहासारखं.
मग आमटीत भात कालवत, माझ्याकडे न बघता:
फेरे किती?
तीन.
तीन, म्हणाले,
आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट केलं.
हात धुऊन आले,
पुन्हा एकदा घट्ट केलं.